पाळीच्या शहरातील बाग

शहरात बागा हव्यात असे कोणी म्हटले की पहिले कारण तयारच असते: माणसे चालतील, धावतील, मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात राहील. महापालिकांना ओपन जिमचा आणि जॉगिंग ट्रॅकचा जो सोस लागला आहे, तो याच समजुतीतून. समजूत निराधार नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार, २०२२मध्ये भारतातील सुमारे ४९ टक्के प्रौढ माणसे आरोग्याला पुरेशी ठरेल एवढी हालचाल करत नव्हती, स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होते, पुरुषांमध्ये ४२. पण हे आकडे सुरतेच्या नकाशावर ठेवले की युक्तिवाद एका जागी अडतो. अडाजण, पिपलोद, वेसूच्या इमारतींमधून पहाटे चालायला निघणाऱ्यांना तो चपखल बसतो. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोलीत राहणारा लूम कामगार मात्र बारा तास यंत्रांच्या मधल्या बोळातून येरझाऱ्या घालून आलेला असतो. त्याला ‘थोडे चाला’ म्हणून सांगण्यात काय अर्थ? या प्रकरणात मांडायचे आहे ते एवढेच, की व्यायाम हे वस्तीतल्या बागेचे खरे समर्थन नव्हे. ते मनाच्या आरोग्यात आहे, आणि या दोन गोष्टी एकाच मापाने मोजल्यामुळे आपण बागा चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळेला उघडतो.

आधी शहर. १९६१मध्ये सुरतेची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती. २०११च्या जनगणनेत ती ४४ लाख ६६ हजारांवर गेली. पन्नास वर्षांत पंधरा पटींहून अधिक. ही वाढ केवळ जन्मदरातून झालेली नाही. सौराष्ट्रातून हिऱ्यांना पैलू पाडणारे आले, ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून लूम चालवणारे आले, उत्तर प्रदेश-बिहारमधून आले, आणि उधना–जळगाव रेल्वेमार्गाने खानदेश आला. लिंबायत-उधना-डिंडोलीच्या गल्ल्यांत आजही अहिराणी ऐकू येते, आणि महापालिकेच्या शिक्षण समितीला मराठी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागतात. खानदेशी माणूस बहुधा बिऱ्हाड घेऊन आला. गंजामचा कामगार बहुधा एकटा आला आणि ‘मेस’मध्ये राहिला. एकाच खोलीत दिवसपाळीची आणि रातपाळीची माणसे आलटून पालटून झोपतात, अशी ती व्यवस्था. २०११मध्ये शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया साडेसातशेच्या आसपास होत्या. हा आकडा बऱ्याच अंशी त्या मेसमधून आलेला आहे. अशा शहरात ‘घराबाहेरची जागा’ या गोष्टीला वेगळेच वजन येते. ज्याच्या वाट्याला घर म्हणून बारा तासांची एक पथारी आहे, त्याला लूम आणि पथारी सोडून तिसरी जागा लागते. चहाची टपरी ती देते, पण ग्लास रिकामा होईपर्यंतच.

आता व्यायामाचा पुरावा तपासू. बाग जवळ असली की माणसे जास्त हालचाल करतात, हे ऐकायला स्वयंसिद्ध वाटते, पण संशोधनात ते तसे ठामपणे उतरलेले नाही. इंग्लंडमधील नॉरिच शहरात २००६ साली झालेल्या अभ्यासात हिरव्या जागांची उपलब्धता किंवा दर्जा आणि लोकांचा करमणुकीचा व्यायाम यांत स्पष्ट संबंध आढळला नाही. नेदरलँड्समध्ये २००८च्या एका पाहणीत उलटेच चित्र दिसले: भोवताली जास्त हिरवळ असलेली माणसे फावल्या वेळात कमी चालत आणि कमी सायकल चालवत होती, कारण अशा भागांत दुकाने, शाळा, कचेऱ्या लांब असतात आणि गाडी काढावीच लागते. आपल्याकडचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीने तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथील चौदा हजारांहून अधिक लोकांची हालचाल मोजली. २०१४ साली निष्कर्ष आले तेव्हा दिसले की केवळ हौसेने, मन रमवण्यासाठी शरीर हलवणारे दहा टक्केही नाहीत. आपली हालचाल कामात होते किंवा होतच नाही.

इथे एक आक्षेप लगेच येईल: कामात हालचाल होते ना, मग प्रश्न सुटला. तो सुटत नाही. २०१८ साली डच आणि इतर संशोधकांनी सतरा अभ्यासांमधील सुमारे दोन लाख लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा जास्त अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूची जोखीम कमी मेहनतीच्या पुरुषांपेक्षा १८ टक्क्यांनी अधिक आढळली. स्त्रियांमध्ये तसे दिसले नाही. फावल्या वेळच्या व्यायामाचे फायदे सर्वज्ञात आहेत, मग मेहनतीचे असे का? गरिबी, धूम्रपान, सकस अन्नाचा अभाव यांचा हात असणारच, आणि संशोधकांनी तो वजा करण्याचा प्रयत्न केला तरी पूर्ण वजा होत नाही. पण एक शरीरशास्त्रीय स्पष्टीकरणही दिले जाते. स्वखुशीच्या व्यायामात हृदयाची गती थोडा वेळ चढते आणि मग पुरेशी विश्रांती मिळते. बारा तासांच्या पाळीत ती मध्यम पातळीवर ताणलेली राहते, थांबायचे कधी हे माणसाच्या हातात नसते. म्हणजे कामगाराला कमी पडते ती हालचाल नव्हे, विसावा. बागेचे काम इथून सुरू होते, आणि तिथे ओपन जिमपेक्षा सावलीतला बाक अधिक उपयोगाचा ठरतो. सायकलसारखे पॅडल असलेल्या त्या पिवळ्या-निळ्या यंत्रांवर रातपाळीहून आलेला माणूस चढेल, ही कल्पना ज्याने केली त्याने लूमची शेड आतून पाहिलेली नसावी.

मनाच्या बाबतीत मात्र पुरावा बळकट आहे, आणि तो ज्या क्रमाने बळकट होत गेला ते पाहण्यासारखे आहे. १९८४ साली रॉजर उल्रिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातील शस्त्रक्रियेच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. नमुना लहान होता, अवघ्या २३ जोड्या. पुढे आकडे वाढत गेले. डेन्मार्कमध्ये नऊ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी आणि उपग्रहचित्रे जुळवून २०१९ साली दाखवण्यात आले की ज्यांचे बालपण सर्वांत कमी हिरवळीत गेले, त्यांना पुढे निरनिराळे मानसिक विकार होण्याची जोखीम ५५ टक्क्यांपर्यंत अधिक होती. दिल्लीत दीर्घकालीन आजार असलेल्या सुमारे बाराशे लोकांच्या २०१७च्या अभ्यासात, ज्यांच्या घराजवळ उद्यानांची उपलब्धता सर्वांत कमी होती त्यांच्यात गंभीर नैराश्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. आपल्या हवेतील, आपल्या गर्दीतील पुरावा म्हणून हा शेवटचा अभ्यास महत्त्वाचा.

आणि लगेच सगळ्यांत वजनदार आक्षेपही येतो: बागेजवळ राहतो कोण? ज्याला परवडते तो. सुखवस्तू माणूस हिरव्या भागात घर घेतो, तो आधीच निरोगी असतो, आणि श्रेय झाडांना मिळते. हा आक्षेप खोटा नाही. बहुतेक पाहण्यांवर तो कमीअधिक प्रमाणात लागू पडतो. म्हणून जिथे माणसांना निवड नव्हती, असे दोन अभ्यास मला इतर पन्नासांपेक्षा मोलाचे वाटतात. पहिला शिकागोचा. रॉबर्ट टेलर होम्स ही तिथली गरीब कृष्णवर्णीयांची प्रचंड सरकारी वसाहत. एकसारख्या उंच इमारती, आणि कोणाला कोणते घर मिळेल ते कार्यालय ठरवणार. काही इमारतींभोवती झाडे टिकली होती, काहींभोवती नुसते काँक्रीट. फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सुलिव्हन यांनी तिथल्या १४५ स्त्रियांशी बोलून २००१ साली दाखवले की झाडे असलेल्या इमारतींतील स्त्रियांचा मानसिक थकवा कमी होता, घरात चिडून अंगावर जाण्याचे प्रसंग कमी होते, आणि आयुष्यातील मोठ्या अडचणी त्यांना कमी अशक्य वाटत होत्या. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने आधीच मांडले होते की एकाग्रता ही खर्च होणारी शक्ती आहे, आणि पाने, सावल्या, पाखरे यांच्याकडे नुसते पाहत राहिल्याने ती भरून येते, कारण त्यांच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही, ते आपोआप जाते. ९० डेसिबलची मर्यादा सहज ओलांडणाऱ्या शेडमध्ये शेकडो धाग्यांपैकी कोणता तुटला हे दिवसभर टिपणाऱ्या, किंवा भिंगातून हिऱ्याचा एकेक पैलू निरखणाऱ्या माणसाला हा सिद्धान्त समजावून सांगावा लागणार नाही. घरी बसून साडीवर टिकल्या चिकटवणाऱ्या खानदेशी बाईलाही नाही.

दुसरा अभ्यास फिलाडेल्फियाचा, आणि तो सुरतेसाठी जणू बेतलेला आहे. औषधांची चाचणी घेतात तशी तिथे जागांची चाचणी घेतली गेली. ५४१ ओसाड भूखंड चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले. काहींवर कचरा काढून गवत आणि थोडी झाडे लावली, सहज आत जाता येईल असे बुटके लाकडी कुंपण घातले. काहींवर फक्त साफसफाई केली. काही तसेच ठेवले. भोवतीच्या ३४२ रहिवाशांना आधी आणि नंतर त्यांच्या मनःस्थितीबद्दल विचारले. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ ‘निराश वाटते’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण, काहीच न केलेल्या जागांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटले; दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत तर ६८ टक्क्यांहून अधिक. एका भूखंडाचा खर्च सुमारे १६०० डॉलर. पण मला जास्त बोलके वाटतात ते मधल्या गटाचे निकाल. नुसत्या साफसफाईने लोकांच्या मनःस्थितीत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. सुरतेचा सारा अभिमान स्वच्छतेचा आहे, आणि तो योग्यच आहे: सप्टेंबर १९९४च्या प्लेगने हादरलेले शहर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात झाडून-धुऊन निघाले, आणि २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिले आले. स्वच्छतेने प्लेग, हिवताप, जुलाब यांच्याशी लढता येते. मनाची मरगळ त्या झाडूच्या टप्प्यात येत नाही.

इथे सुरतेतील कोणीही जाणता माणूस थांबवून विचारील: २००८च्या मंदीत आणि पुन्हा २०२३–२४मध्ये रत्नकलाकारांच्या, म्हणजे हिरे कामगारांच्या, आत्महत्यांच्या बातम्या आल्या, त्या बागा नव्हत्या म्हणून का? नाही. काम गेले, मजुरी निम्म्यावर आली, मुलांची फी आणि घराचा हप्ता थकला, ही कारणे होती, आणि त्यांच्यावर उपाय रोजगाराचा आणि कर्जाचाच करावा लागतो. बागेला त्या जागी उभे करणे हा बागेवरही अन्याय आणि त्या कुटुंबांवर तर क्रूरपणा. दावा यापेक्षा लहान आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५–१६) दिसले की नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. त्याखाली आणखी एक मोठा थर आहे, जो रुग्ण नाही, पण ज्याला झोप लागत नाही, जो घरात खेकसतो, गुटख्याच्या पुड्या वाढवतो. या थरासाठी आपल्याकडे दवाखाना नाही, समुपदेशक नाही, आणि लवकर होणारही नाही. डॉक्टरशिवाय, चिठ्ठीशिवाय आणि ‘वेडा’ म्हणवून न घेता जे थोडेफार मिळू शकते, त्यात झाडाखालची अर्धा तास बैठक येते.

मग जागा कुठून आणायची? नगरनियोजनाची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवतात. सुरतेच्या २०११च्या लोकसंख्येला दहाने गुणले तर पावणेपंचेचाळीस चौरस किलोमीटर होतात. त्यावेळच्या ३२६ चौरस किलोमीटर हद्दीचा सातवा हिस्सा. गुजरातच्या १९७६च्या नगररचना कायद्यात टाउन प्लॅनिंग (टीपी) योजनेतील जमिनीपैकी पाच टक्के बागा, मैदाने आणि मोकळ्या जागांसाठी धरता येते. (टीपीची ही पद्धत मुंबई इलाख्याच्या १९१५च्या कायद्यातून आलेली; गुजरातने ती जोपासली, महाराष्ट्राने बहुतांशी आरक्षणांच्या वाटेने जाणे पसंत केले.) सबंध शहर टीपीत आणून त्या पाच टक्क्यांतील प्रत्येक इंच हिरवा केला तरी माणशी पावणेचार चौरस मीटरही भरत नाही. शिवाय शेतजमिनींचे तुकडे पाडून आधी घरे उभी राहिली आणि नियोजन मागाहून आले, तिथे हा हिस्साही हाती लागत नाही. म्हणून माणशी चौरस मीटरचे माप निरुपयोगी आहे: ते गाठता येत नाही, आणि गाठले तरी शहराच्या एका टोकाला मोठे उद्यान काढून कागदावर गाठता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१७ साली दिलेला ढोबळ नियम याहून कामाचा आहे: घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे पाच मिनिटांच्या चालीवर, अर्धा ते एक हेक्टर सार्वजनिक हिरवी जागा. सुरतेने काकरा खाडीच्या काठी डॉ. हेडगेवार पूल ते भीमराड-बमरोली पुलापर्यंत ८७ हेक्टरचे जैवविविधता उद्यान हाती घेतले, ते चांगलेच आहे. खाडीला श्वास मिळेल, पक्षी येतील. पण ते रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला, आणि लिंबायत पूर्वेला. पाळी सुटल्यावर कोणी तिकडे जाणार नाही. तेवढ्याच क्षेत्राच्या अर्ध्या हेक्टरच्या १७४ बागा होतात. सरथाणाचे नेचर पार्क आणि मलिक गोपीच्या नावाने पाचशे वर्षे टिकलेला, अलीकडे नव्याने बांधून काढलेला गोपी तलाव या दोन्ही रविवारी तिकीट काढून, मुले घेऊन जायच्या जागा. रोजच्या मनाशी त्यांचा संबंध कमी. लिंबायतेत निलगिरी मैदान आहे, राजकीय सभांना ते भरून वाहते, मात्र सभेला लागणारे मैदान आणि विसाव्याला लागणारी जागा यांची गरज नेमकी उलटी: एकाला झाडे अडचण, दुसऱ्याला तीच सारे काही. खरी शक्यता मिठी खाडीसारख्या ओढ्यांच्या काठांवर, शाळांच्या आवारांत आणि पाण्याच्या टाक्यांभोवतीच्या पालिकेच्या जमिनींवर आहे. मिठी खाडी पावसाळ्यात घरांत शिरते. तिच्या काठचा पट्टा बांधकामाशिवाय ठेवणे पुरासाठीही हवेच.

अर्धा हेक्टर लावायचा कशाने, यावर एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी. समुद्राजवळच्या दमट हवेत पानांतून होणारे बाष्पीभवन कोरड्या प्रदेशाइतका गारवा देऊ शकत नाही. सुरतेत झाडाचा मुख्य उपकार म्हणजे ऊन अडवणे. हिरवळीचा गालिचा पाणी पितो आणि सावली देत नाही. कडुनिंब, करंज, चिंच, वड यांची दाटी आणि खाली मातीच ठेवली तरी चालेल. आपल्या उद्यान खात्यांना लॉनचे इतके प्रेम का, हे कोडे मला सुटलेले नाही; बहुधा फीत कापायच्या दिवशी लॉन हिरवे असते आणि कडुनिंब गुडघ्याएवढा.

राहिला प्रश्न बागेत कोण येते याचा. वस्तीतल्या बायका सांगतील की बाग म्हणजे पत्ते कुटणाऱ्या आणि थुंकणाऱ्या पुरुषांचा अड्डा, आणि गुजरातेत दारूबंदी असली तरी बाटल्या झुडपांत सापडतातच. हा आक्षेप परदेशी अभ्यासांनाही ठाऊक आहे. लॉस एंजेलिसच्या उद्यानांतील मोजणीतही पुरुष जास्त आणि अंगमेहनतीच्या खेळात तर दुपटीने जास्त आढळले. पुरुषच जास्त असलेल्या सुरतेत हे आणखी तीव्र होणार. त्यावर कुलूप हा उपाय नव्हे. व्हिएन्नामध्ये १९९०च्या दशकात लक्षात आले की नऊ वर्षांनंतर मुली बागेत येणे सोडतात, कारण मधले एकच मैदान मुलगे व्यापून टाकतात. मार्गारेटन भागातील दोन बागांत मैदानाचे तुकडे केले, पायवाटा वाढवल्या, निरनिराळ्या खेळांना निरनिराळ्या जागा दिल्या, मुली परतल्या. आपल्याकडे त्यात दिवा, पाणी, चालू संडास आणि रस्त्यावरून आत दिसेल असे बुटके कुंपण यांची भर घालावी. डासांची तक्रारही खरी, पण साचणारे पाणी टाळणे हे सुरत महापालिकेला इतरांपेक्षा चांगले जमते.

वेळेचा मुद्दा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. बऱ्याच लूम शेडमध्ये पाळी सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला बदलते. बहुतेक शहरांत बागा सकाळी आणि संध्याकाळी काही तास उघडतात, दुपारभर बंद. रातपाळीवरून आलेला माणूस उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या छताखाली तळमळत असतो, नेमक्या त्याच वेळी शेजारची सावली कुलूपबंद. दिवसपाळीचा कामगार सुटून, आंघोळ करून, जेवून बाहेर पडतो तेव्हा चौकीदार शिटी फुंकत असतो. बंगळूरमधील बागा २०२४पासून पहाटे पाच ते रात्री दहा सलग उघड्या ठेवण्याचा निर्णय झाला. सुरतेत असे करायला एक चौकीदार आणि चार दिवे जास्त लागतील.

याहून पुढचे पाऊल सुरत टाकू शकते, कारण प्लेगनंतर वॉर्डनिहाय रोगांची नोंद ठेवण्याची सवय या महापालिकेला लागलेली आहे. टीपीत बागेसाठी राखलेले पण ओसाड पडलेले भूखंड घ्यावेत, फिलाडेल्फियासारख्या चिठ्ठ्या टाकून निम्मे आधी आणि निम्मे दोन वर्षांनी लावावेत. पैसे एकदम नसतातच, तेव्हा कोणावर अन्यायही नाही. आरोग्य केंद्रातील कार्यकर्तीने भोवतीच्या घरांत नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली मराठी, गुजराती, हिंदी आणि ओडियात आधी व नंतर भरून घ्यावी. आणि बागेतील माणसांची मोजणी पहाटे सहाला न करता, दुपारी दोनला आणि रात्री साडेआठला करावी, स्त्रिया किती, पुरुष किती, बसलेले किती, अशी वेगळी.